ताईचा अंगठा

संघात तिला सगळ्या धाकटी म्हणत. तिच्याहून लहान मुली संघात आल्या, मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, तरी ती धाकटीच राहिली. कारण सरळ होतं. संघात दोन गोलकीपर, त्यातली थोरली ती ताई, म्हणून दुसरी ती धाकटी. नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

फुटबॉलमध्ये बाकीच्या जागांवर खेळाडूंची अदलाबदल होत असते. पुढे पळणारी दमली की तिच्या जागी ताज्या दमाची जाते, मधल्या फळीतली चुकायला लागली की तिला बाहेर घेतात. गोलकीपरला मात्र सहसा कुणी हात लावत नाही. पहिलीला काही झालं तरच दुसरी. त्यामुळे दुसऱ्या गोलकीपरची नोकरी मोठी विचित्र असते. सराव इतरांपेक्षा जास्त, पगार नियमित, अंगावर क्लबचा शर्ट, आणि प्रत्यक्ष सामन्यात काम म्हणाल तर बाकावर बसणं. तिचा दादा हसून म्हणायचा, "आम्ही कामावर बसलो तर साहेब ओरडतो. हिला बसायलाच ठेवलंय." ती पण हसायची. हसण्यावारी नेणं तिला लहानपणापासून चांगलं जमायचं.

गोलमध्ये ती उभी राहिली तीही दादामुळेच. घरामागच्या गल्लीत एका गोदामाचं लोखंडी शटर होतं. पोरं त्यालाच गोल समजून खेळत. चेंडू शटरवर आदळला की मोठा आवाज व्हायचा आणि आतून रखवालदार येऊन चेंडू जप्त करून घेऊन जायचा. असे बरेच चेंडू गेल्यावर पोरांना अक्कल आली की शटरसमोर कुणीतरी उभं करायला हवं. दादा म्हणाला, "आमच्या हिला करा. लागलं तरी रडत नाही." ती तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. चेंडू शटरपर्यंत पोहोचू द्यायचा नाही एवढंच तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते इतकं मनावर घेतलं की रखवालदारच एकदा कंटाळून बाहेर खुर्ची टाकून खेळ बघत बसला.

बाबा एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. आई लाँड्रीत इस्त्रीला. दोघांनाही खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरीला शाळेच्या संघात घेतलं, मग जिल्ह्याच्या संघात, मग एका क्लबनं रीतसर करार करून नोकरीवर ठेवलं, तेव्हा बाबांनी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. चहा पिणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "बायकांच्या फुटबॉलला पगार असतो?" बाबा म्हणाले, "असतो. माझ्यापेक्षा बरा असतो." हे काही पूर्ण खरं नव्हतं.

क्लबची इमारत मैदानाच्या एका टोकाला होती. खाली लांबट खोली, दोन्ही भिंतींना लाकडी बाक, वर खुंट्या, कोपऱ्यात फिजिओचं टेबल. फिजिओ म्हणजे खेळाडूंची दुखणी-खुपणी बघणारी बाई. त्या खोलीला मलमाचा आणि ओल्या हातमोज्यांचा कायमचा वास होता. सामन्याच्या दिवशी धाकटी सगळ्यांच्या आधी येऊन ताईचं सामान मांडून ठेवायची. मग ताई यायची, बाकावर पसरून बसायची आणि दोन्ही हात पुढे करायची. गोलकीपरची बोटं मागे वळू नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टी बांधतात. हे खरं तर फिजिओचं काम. पण ताईला फिजिओची पट्टी कधी सैल वाटायची, कधी आवळ. धाकटीची पट्टी मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर बसली, आणि तेव्हापासून ते काम तिचंच झालं. फिजिओ कुरकुरायची, "माझी खुर्ची पण देऊन टाका हिला."

"खुर्चीची हिला सवय आहे," ताई म्हणायची, आणि सगळी खोली हसायची.

ताई थट्टेखोर होती, पण मनानं वाईट नव्हती. परगावच्या सामन्यांना दोघींना एकच खोली असायची. ताई स्वतःच्या ताटातलं हिच्या ताटात वाढायची, हिच्या आईला फोन करून सांगायची की काकू, मी आहे, काळजी करू नका. तिची एक ठरलेली गंमत होती. सामन्याच्या सकाळी उठून कपाळाला हात लावायची आणि कण्हायची, "धाकटे, आज मला बरं वाटत नाहीये गं. मोजे काढून ठेव तुझे." धाकटीचा हात आपोआप पिशवीकडं जायचा. तोंड मात्र ती शांत ठेवायची. ताई तिच्याकडं बघत बसायची आणि मग पांघरूण फेकून म्हणायची, "आला होता ना जीव वर? चल, आंघोळ कर."

"छे गं. मला काय घाई आहे."

हे ती ताईला म्हणायची, आईला म्हणायची, बाबांना म्हणायची. आई तिचे कपडे धुवायला घ्यायची तेव्हा पँटचे गुडघे बघायची. इस्त्रीवाल्या बाईला कपड्यांवरून सगळं कळतं. गुडघे स्वच्छ असले की ती काही विचारत नसे. एकदाच म्हणाली, "तुला वाईट नाही का वाटत?" तर ही म्हणाली, "आई, माझी पाळी येईल तेव्हा येईल. मला काय घाई आहे." लोकांना आपण सांगतो ते खरं वाटतं, आणि सारखं सांगितलं की पक्कं बसतं. घरात सगळ्यांनी मनाशी घेतलं की पोरगी आहे त्यात सुखी आहे.

प्रत्यक्षात तिला दुसरं काही सुचत नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या प्रत्येक चेंडूला तिचे खांदे हलायचे. समोरून फटका आला की ताईच्या आधी तिचं वजन उजव्या पायावर गेलेलं असायचं. शेजारी बसलेल्या मुली म्हणायच्या, "बाक पाडशील."

मग हे बोलायची का नाही? तर दुसऱ्या गोलकीपरांमध्ये एक न लिहिलेला कायदा होता. पहिलीचं दुखणं दुसरीनं कधी बाहेर काढायचं नाही. दुसऱ्या एका क्लबात एकीनं कोचला जाऊन सांगितलं होतं की आमच्या पहिलीला ताप आहे. ताप खराच होता. तिला खेळवलं, ती चांगली खेळली, सामना जिंकला. पण पुढं वर्षभर तिच्याशी संघात कुणी धड बोललं नाही. जेवायला ती एका टोकाला बसायची. मुली ही गोष्ट एकमेकींना सांगत तेव्हा शेवटी हमखास म्हणत, "टपून बसली होती मेली." धाकटीनं ते ऐकलं होतं. आपल्याबद्दल कुणी असं म्हणू नये, याची ती डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायची.

अशी बरीच वर्षं गेली. मधे ताईच्या लग्नाच्या वेळी आणि एकदा तिच्या सासऱ्यांच्या आजारपणात धाकटीला थोडे सामने मिळाले. ती बरी खेळली. ताई परत आली, ही बाकावर परतली. ताईचं वय वाढत होतं, पण हात अजून पक्के होते. आणि त्या वर्षी संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोहोचला.

फायनलला घरचे तिघंही आले. बाबा नेहमीच यायचे, पण आई पहिल्यांदाच आली. लाँड्रीत सुट्टी मागितली तर मालकानं विचारलं, पोरगी खेळणार आहे का. आई म्हणाली, "संघात आहे." दादानं दोघांना बाकाच्या बरोबर मागच्या रांगेत बसवलं.

सामन्याआधी गोलकीपरचं अंग मोकळं करून द्यायचं काम दुसरीचं असतं. जवळून, लांबून, जमिनीलगत, उंच, असे तऱ्हेतऱ्हेचे चेंडू तिला मारत राहायचे. धाकटीची एक सवय होती. पायाला चेंडू लागताना शेवटच्या क्षणी ती जोर थोडा काढून घ्यायची. ताईला लागू नये म्हणून. त्या दिवशी ताईच्या अंगात काय आलं होतं कोण जाणे. "झोपलीस का? जोरात मार," ती ओरडली. धाकटीनं थोडा जोर वाढवला. "अगं, त्या काय लाडानं मारणार आहेत मला? मार."

धाकटीनं गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या रेषेवरून पूर्ण ताकदीनं फटका मारला. बऱ्याच दिवसांत इतका मोकळा फटका तिनं मारला नव्हता. मारताना तिला बरं वाटलं, हे ती पुढं कधीच विसरली नाही. चेंडू ताईच्या उजव्या अंगठ्याच्या टोकावर बसला आणि अंगठा मागे गेला.

ताई गुडघ्यावर बसली. मग बुटाची नाडी बांधत असल्यासारखं करून उठली आणि तोंडभर हसत म्हणाली, "चल आत. पट्टी सुटली."

आत खोली रिकामी होती. धाकटीनं तिचा हातमोजा काढला. अंगठ्याच्या बुडाशी हां हां म्हणता सूज चढत होती. ताईनं पाण्याची बाटली उचलली आणि तिला झाकण फिरवता येईना. धाकटीनं ते फिरवून दिलं.

"ताई, कोच मॅडमना सांगू या."

"वेड लागलंय का? फायनल आहे."

"तुला धरवत नाहीये."

"तू घट्ट बांध. आणि तोंड उघडू नकोस कुणाकडं."

तिनं बांधलं. अंगठा तळहाताला असा जखडला की तो हलणारच नाही. मोजा चढवताना ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघी उठल्या तर दारात कोच मॅडम उभ्या. मॅडम स्वतः जुन्या खेळाडू, कमी बोलणाऱ्या.

"एवढा वेळ काय चाललंय?"

"पट्टी सैल होती," ताई म्हणाली आणि त्यांच्या बाजूनं निघून गेली.

मॅडम तिथंच थांबल्या. धाकटीकडं बघून म्हणाल्या, "हात ठीक आहे ना तिचा?"

नाही म्हटलं की आपण खेळणार. हे धाकटीला लख्ख कळलं. आई बाकामागं बसली होती. आणि त्याच्याच मागोमाग हेही कळलं की फटका आपला होता. सगळ्या मैदानानं बघितला होता. उद्या सगळ्या म्हणतील की वर्षानुवर्षं बसली होती, शेवटी अंगठा मोडूनच जागा घेतली. खरं बोलणं आणि हावरटपणा करणं, दोन्ही बाहेरून अगदी एकसारखं दिसणार होतं. आणि आतून तरी वेगळं होतं का, याची तिला खात्री वाटेना.

"ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली.

पहिल्या अर्ध्या खेळात गोलकडं फारसं काही आलंच नाही. मध्यंतरात ताई कोपऱ्यात बसली आणि हात पुढं केला. धाकटीनं पाठ करून, कुणाला दिसणार नाही असं, जुनी पट्टी काढून नवी बांधली. ताई काही बोलली नाही. एरवी तिचं तोंड बंद नसायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मॅडम पुढच्या फळीला समजावत होत्या, दहा पावलांवर. धाकटीनं पट्टीचं टोक दाबून बसवलं आणि मोजा चढवला.

उत्तरार्धात बाजूनं एक उंच चेंडू आला. ताईनं असे चेंडू झाडावरचं फळ काढावं तसे काढलेले होते. ती वेळेवर उडाली, दोन्ही हातांत चेंडू आला आणि साबणासारखा सटकला. समोरच्या मुलीनं नुसता पाय लावला. गोल झाला. मागून दादाचा आवाज आला, "हिला काय झालं आज?" अजूनही सांगता आलं असतं. मॅडम हात-दोन हातांवर उभ्या होत्या. धाकटीनं गुडघ्यांवर हात दाबून धरले. शेवटाकडं जमिनीलगत एक साधा फटका आला. ताईनं तो डाव्या हातानं ढकलायला बघितला आणि तोही आत गेला. संघ हरला.

घरी जाताना बसमध्ये दादा म्हणाला, "त्यापेक्षा तू बरी अडवली असतीस."

बाबा म्हणाले, "जाऊ दे रे. हिला कुठं हौस आहे त्याची."

त्यांनी ते तिची बाजू घेऊन म्हटलं होतं. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

डॉक्टरांनी सांगितलं की अंगठ्याच्या बुडाशी हाड धरून ठेवणारा दोर अर्धवट तुटला असावा, तो तसाच खेळवल्यामुळं पुरता गेला. शस्त्रक्रिया झाली, अंगठा जागेवर आला, पण त्यात पकड आली नाही. ताईचा खेळ संपला. मॅडमनी धाकटीला बोलावून घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं. तुझ्याकडं बघून विचारलं होतं."

"ताई नको म्हणाली."

"ती नकोच म्हणणार. मी तिला नव्हतं विचारलं." मॅडम रागावल्या नव्हत्या, त्यानं जास्त लागलं. "गोलकीपरचं अर्धं काम बोलण्याचं असतं गं. पुढच्या मुलींना मागचं दिसत नाही, ती ओरडून सांगते म्हणून त्या वळतात. तू वेळेला बोलणार नाहीस, हे आता मला कळलंय. मी तुला पहिली कशी करू?"

नव्या हंगामाला बाहेरून एक गोलकीपर आणली. धाकटीनं तिच्याही बोटांना पट्ट्या बांधल्या. करार संपला तेव्हा तिनं तो वाढवून मागितला नाही आणि क्लबनंही आग्रह केला नाही. खालच्या दर्जाच्या एका संघाकडून ती थोडं खेळली, गोलमध्ये, पहिली म्हणून. बघायला वीस-पंचवीस माणसं असायची. मग एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. आता तिचे कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. नव्या शिक्षिका विचारतात, तुम्ही खेळायचात ना? ती म्हणते, होते एका क्लबात. पुढं सांगत नाही.

या सगळ्या वर्षांत ती ताईला एकदाही भेटली नव्हती. ताईनं नवऱ्याबरोबर बॅगांचं दुकान काढलं आहे, हे तिला माहीत होतं. रस्ताही माहीत होता. तो चुकवून ती लांबच्या रस्त्यानं जायची. शेवटी आईच एकदा म्हणाली, "तिनं किती केलंय तुझं. जाऊन तरी ये." शाळेच्या मुलींना बाहेरगावी न्यायचं होतं आणि बॅग हवीच होती. ती गेली.

दुकान चिंचोळं होतं. छतापर्यंत बॅगा टांगलेल्या. ताई जाडी झाली होती. गल्ल्यामागून तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "ये. बाकडं तिकडं आहे, तुला सांगायला नको."

दोघी हसल्या. ताईनं चहा मागवला. कप तिनं डाव्या हातानं उचलला. मग धाकटीनं घरून घोकून आणलेलं वाक्य बोलून टाकलं.

"ताई, ती किक माझी होती."

"मग कुणाची असणार? मीच म्हटलं ना, मार." ताईनं कप ठेवला. "इतकी वर्षं तेवढ्यासाठी आली नाहीस? किकचं काय घेऊन बसलीस गं. किक चांगली होती."

"मग तू रागावली नाहीस?"

"रागावले की. किकवर नाही." ताईनं गल्ल्याचा खण लावून टाकला. "मी तुला गप्प बस म्हटलं, कारण मला माझ्या तोंडानं सांगून बाहेर निघवत नव्हतं. फायनल सोडून कोण उठतं? पण तू सांगशील असं मला वाटलं होतं. मॅडम दारात थांबल्या तेव्हा मी मुद्दाम पुढं निघून गेले. म्हटलं, आता ही बोलेल, मी शिव्या घालीन आणि मोजे काढून देईन. हाफ टाइमला तर मी तुझ्या तोंडाकडं बघत बसले होते. तू मान वर केली नाहीस."

"मला वाटलं सगळ्या म्हणतील, मुद्दाम मारलं."

"म्हणाल्या असत्या. मी गप्प केलं असतं त्यांना. तेवढं माझं चालायचं संघात." ताईनं उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. "नंतर वाटलं, हिला खेळायचंच नसेल. घाबरली असेल. तू नेहमी तसंच म्हणायचीस ना."

धाकटीनं कप खाली ठेवला. "मला खेळायचं होतं, ताई. रोज खेळायचं होतं."

एवढ्यात एक बाई चेन तुटलेली बॅग घेऊन आली, तिच्याशी ताईला बोलावं लागलं. बाई गेल्यावर दोघींनी मुलाबाळांचं, आजारपणाचं असं इकडचं तिकडचं बोलणं काढलं. ताईनं बॅग चांगली निवडून दिली. निघताना म्हणाली, "येत जा." पण रोज खेळायचं होतं, त्या वाक्याला तिनं शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही, आणि धाकटीला कळेना की ते तिनं ऐकून सोडून दिलं की मनात ठेवलं.

घरी आली तेव्हा बाबा एकटेच टेबलाशी बसून पेपर वाचत होते. तिनं बॅग खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, त्या फायनलला मला खेळायचं होतं."

बाबांनी चष्मा काढला. कुठली फायनल, असं त्यांनी विचारलं नाही.

"हो का?" ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "आई आली होती ना गं त्या दिवशी."

"हो."

"मग सांगायचं की," बाबा म्हणाले. जेवणं आटोपून, भांडी घासून झाल्यावर घरातलं कुणी भूक लागली म्हणालं, तर माणूस ज्या सुरात हळहळतो, त्या सुरात. तिनं मान हलवली आणि ती हातपाय धुवायला आत गेली.